डक्टाभिमुख

अडीच बीएचकेमधला तो अर्धा माझा होता. दोन बेडरूम संसाराच्या, हॉल टीव्हीचा आणि उरलेली आठ बाय सात फुटांची खोली मराठी साहित्याची. ब्रोशरमध्ये तिच्यावर 'स्टडी / पूजा / स्टोअर' असं छापलं होतं. मी पहिल्या तिरक्या रेघेपाशीच वाचन थांबवलं. खोलीला पश्चिमेची खिडकी. खिडकीतून उतरतं ऊन, उन्हात टेबल, टेबलाशी मी, समोर कॅमेरा आहे हे गावीही नसल्यासारखा. दिवाळी अंकात नावाशेजारी छापायचा हा फोटो मी प्लिंथ झाली तेव्हाच मनात काढून ठेवला होता. लिहायचं काय, ते पझेशननंतर ठरणार होतं.

तिसऱ्या मजल्याचा स्लॅब पडल्यावर तर मी पाहुण्यांना साइट दाखवायलाच नेऊ लागलो. टेकूंच्या जंगलातून वाट काढत एका रिकाम्या चौकोनापाशी थांबायचं आणि आवाज खाली आणून म्हणायचं, "ही माझी अभ्यासिका." मेव्हण्यानं तिथे रचलेल्या सिमेंटच्या गोण्यांवर नजर फिरवली आणि म्हणाला, "मटेरियल भरपूर आहे." माझ्या लेखनाबद्दल त्यानं इतकं चांगलं आजवर कधी म्हटलेलं नाही.

मग एका सकाळी 'ग्रीटिंग्ज ऑफ द डे' आलं. बिल्डरच्या मेलला अशी शुभेच्छांनी सुरुवात झाली की आपल्या घरातलं काहीतरी जाणार, हे ओळखून असावं. आमच्या 'जीवनशैलीचा अनुभव अधिक समृद्ध करण्यासाठी' इमारतीवर चार मजले वाढत होते आणि सोबतच्या संमतिपत्रावर आमची सही हवी होती. मजले वाढले म्हणून लिफ्टची लॉबी सरकली, लॉबी सरकली म्हणून आगीच्या पाइपांची जागा बदलली आणि या रेटारेटीत आमच्या अंगाचा डक्ट इकडचा तिकडे गेला. 'इकडचा' म्हणजे कुठला, हे बघायला मला फुरसत नव्हती. 'तिकडे' म्हणजे माझ्या पश्चिमेला. आठातले दोन फूट त्यात गेले आणि जी खिडकी उरली तिच्यातून यापुढे सूर्य मावळणार तो डक्टात.

आता डक्ट या विषयावर मला कोणी शिकवू नये. लग्नापासून पुण्यात आम्ही जेवढी भाड्याची घरं केली त्या प्रत्येकाला डक्ट होता. एका घरमालकांनी तर डक्टाकडे उघडणाऱ्या खिडकीला 'क्रॉस व्हेंटिलेशन' म्हणून भाडं वाढवून घेतलं होतं. वास्तुशास्त्रवाले आग्नेय-नैर्ऋत्य करत बसतात, पण इमारतीची नाडी लागते ती डक्टात. वर कोणी खोबरं भाजलं की खालच्या चार घरांना आज रस्सा आहे हे कळतं, फक्त तो कोणाकडे, एवढंच कळत नाही. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत बसावं आणि नेमके तळमजल्यावर बोंबील तळायला घ्यावेत. कोण आंघोळ करताना गातं, कोण गाण्याआधी खाकरून घसा साफ करतं, कोणाचा गीझर चालू राहिल्यावरून कोणाचं भांडण होतं, सगळं ऐकू येतं. "मग तुमच्या आईलाच विचारा!" हे वाक्य मी निरनिराळ्या मजल्यांवरून निरनिराळ्या आवाजांत ऐकलेलं आहे. त्याला पुरुषाच्या आवाजात उत्तर आलेलं मात्र एकाही मजल्यावरून ऐकलेलं नाही.

डक्टात पडलेली वस्तू परत येत नाही. कपड्यांचे चिमटे, साबणाची वडी, एका पायाची स्लिपर, कोणाची तरी कवळी. आमच्या एका इमारतीत डक्टात उतरलेला प्लंबर खालून ओरडायचा, "ताई, पाणी सोडा!" आणि ज्या ताईंनी सोडायचं नव्हतं नेमक्या त्याच सोडायच्या. त्यानंतर प्लंबर जे बोलायचा ते सातही मजल्यांवरची मुलं शिकली.

आणि या सगळ्यावर कबुतरं. पुण्यात कर्ज न काढता ज्याला घर मिळतं असा हा एकच जीव. दोन काड्या आणि केबलचा एक तुकडा पाइपाच्या वळणावर टाकला की झालं. नकाशा नाही, मंजुरी नाही, पार्किंगची कटकट नाही आणि पझेशन त्याच दुपारी. शिवाय बांधकाम चालू असताना मादीनं कधी काड्यांची जागा बदलली तर नर तीन पानी पत्र लिहीत नाही.

मी लिहिलं. पण आधी कायदा वाचला. रेरा कायदा २०१६ चा. १ मे २०१७ पासून तो पुरता लागू झाला. त्यातलं कलम १४ वाचून मला इतका आनंद झाला, की ते माझ्यासाठीच लिहिलंय असं वाटलं. ज्यानं फ्लॅट घेतला त्याच्या पूर्वसंमतीशिवाय त्याच्या फ्लॅटचा मंजूर नकाशा बदलता येत नाही. रचनेसाठी लागणारे किरकोळ बदल चालतात. आणि इमारतीत किंवा सामाईक जागेत फेरफार करायचा, तर बिल्डर सोडून फ्लॅट घेणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लोकांची लेखी संमती लागते. हे कलम मी वेळी-अवेळी फ्लॅट घेतलेल्यांच्या ग्रुपवर टाकू लागलो. लोक मला 'कलमबहाद्दर' म्हणू लागले. मी तो लेखणीचा गौरव समजलो.

करारनाम्यात आणखी एक गंमत सापडली. कार्पेट एरिया ३ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त होऊ शकतो, त्याचा हिशेब शेवटी करायचा. सातशे चौरस फुटांचे ३ टक्के म्हणजे २१ चौरस फूट. सात बाय तीन. तेवढ्यात एक टेबल, एक खुर्ची आणि खुर्चीत एक मध्यम आकाराचा लेखक बरोबर बसतो. माझे चौदाच गेले होते. म्हणजे लेखक गेला तरी आकडा मर्यादेत होता.

तर पत्र. तीन पानं, शुद्ध मराठीत. 'पश्चिमेचं ऊन हा सातबाऱ्यावर न चढणारा हक्क आहे' असं एक वाक्य त्यात आपसूक येऊन गेलं. ते मी हिला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. "परत वाचा," असं ती म्हणाली नाही, तरी मी परत वाचलं. पत्र गेल्यावर बिल्डरच्या कचेरीत निदान एक तरी माणूस खुर्चीवरून उठून खिडकीपाशी जाईल अशी माझी अपेक्षा होती. दोन दिवसांनी तिथल्या ग्राहक-संबंधवाल्या मुलीचा फोन आला. "सर, लेटर एकदम भारी होतं, मी आईला पण फॉरवर्ड केलं. फक्त ते पोर्टलवर तिकीट रेझ कराल का? कॅटेगरीत 'अदर्स' टाका."

आमच्या ग्रुपवर एक काका आहेत, पीडब्ल्यूडीतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी कधी कलम टाकलं नाही की सुप्रभात टाकलं नाही. एका रविवारी ते टेप घेऊन साइटवर आले. मी आणि ही दोघंही गेलो होतो. काकांनी प्रत्येक मजल्याच्या स्लॅबमध्ये, नव्या नकाशातल्या डक्टाच्या जागी टेप टाकला आणि मला जवळ बोलावलं. तिथे चौकोनी कटआउट सोडलेला होता. कडेला शिगा नीट वाकवलेल्या, काँक्रीट केव्हाच सुकलेलं. आमच्या स्लॅबला होता, खालच्या दोन्ही स्लॅबना होता. त्याच जागी उभा राहून मी पाहुण्यांना अभ्यासिका दाखवत होतो, सिमेंटच्या गोण्यांखालची फळी उचलून बघायचं मला सुचलं नव्हतं एवढंच. "डिसेंबर २०२० ला बांधकामाची नवी यूडीसीपीआर नियमावली आली," काका म्हणाले. "तेव्हापासून टीडीआर, प्रीमियम असे जादा बांधकामाचे हक्क विकत घेऊन मजले चढवायला वाव वाढला. फाउंडेशन यांनी आधीच चार मजले जास्तीचं टाकलंय. बेत जुना आहे."

म्हणजे संमतिपत्राचा मेल आमच्या हातात पडला तेव्हा डक्ट आमच्या मजल्यापर्यंत चढून आला होता. तिथे मला राग आला तो फोटोसाठी नव्हता. वीस वर्षांचं कर्ज ज्याच्या डोक्यावर आहे त्याला एक साधा प्रश्न आधी विचारायचा असतो, एवढंच कायदा सांगतो. पूर्वसंमतीतला तो 'पूर्व' काँक्रीटमध्ये गाडून, वर लोकांनी सह्या करून आपली जीवनशैली समृद्ध करून घ्यायची. हा उर्मटपणा आहे, आणि गोड आवाजातल्या मुलींकडून फोन करवले म्हणून तो कमी होत नाही.

मी हे सगळं मोठ्यानं बोलत होतो. काकांनी ते संपू दिलं. मग त्यांनी जुना आणि नवा नकाशा गाडीच्या बॉनेटवर शेजारी शेजारी पसरला आणि पेन्सिलीचं टोक हिच्या बाजूला नेलं. "वहिनी, तुमचं मात्र बरं झालं. जुन्यात डक्ट किचनला होता. आता ओट्यासमोर चार फुटी खिडकी, थेट बाहेर. पूर्व आहे."

ही नकाशावर वाकली. चष्मा वर करून तिनं ती रेघ पाहिली, मग तिच्यावर बोट ठेवलं.

भाड्याच्या त्या सगळ्या घरांतले डक्ट मला ऐकू यायचे. ती त्यांच्यासमोर उभी असायची. भर दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावून पोळ्या लाटायची. पाऊस सुरू झाला की तिला तो डक्टातल्या पाइपाच्या आवाजावरून कळायचा, आणि मग ती हॉलमध्ये येऊन मला सांगायची, कारण खिडकीत मी बसलेला असायचो. फ्लॅट बुक करताना तिनं विचारलं होतं, किचनची खिडकी कुठे उघडते म्हणून. सेल्सवाला मुलगा 'युटिलिटी साइडला' म्हणाला होता. मी तेव्हा पश्चिम कुठली ते फोनवरच्या होकायंत्रात बघत होतो.

आता माझी अवस्था कठीण झाली. मी उठवलेल्या आंदोलनात माझ्याच घरातून फूट. आणि किचनला खिडकी दिली म्हणून बिल्डरचे आभार मानावेत, तर मुळात तिथे डक्ट कोणी ठेवला होता?

त्यात भर कलम १४ च्या स्पष्टीकरणाची. दोन तृतीयांश मोजताना एका कुटुंबानं कितीही फ्लॅट घेतले तरी ते एकच समजायचं. बिल्डरच्या गोतावळ्यानं दहा-दहा फ्लॅट आपल्या नावावर दाखवून बहुमत करू नये म्हणून ही तरतूद असावी. आमच्याकडे फ्लॅट एक, नावं दोन आणि मत एक, ते कोणाचं हे संसदेनं सांगितलेलं नाही. त्या रात्री मी विषय काढला, की तत्त्वाचा प्रश्न आहे, आपण नकार द्यायला हवा.

"देऊ या की," ती म्हणाली. "पण अहो, नकार देऊन ते भोक बुजवणार आहेत का? काकांना विचारलं मी. ते म्हणाले, भांडून पैसे मिळतील, वेळ जाईल, डक्ट हलणार नाही. मग सही द्यायची तर फुकट का द्यायची?"

आणि माझ्या पत्राच्या कच्च्या प्रतीच्या पाठकोऱ्या बाजूला, वाण्याची यादी करते त्या अक्षरात, तिनं चार ओळी लिहिल्या. कमी झालेल्या चौदा फुटांचे पैसे व्याजासकट, आणि ते शेवटी नव्हे, पुढच्या हप्त्यात वळते करून. स्टडीच्या खिडकीला धुरकट काच आणि वर एक्झॉस्टचा पंखा. किचनची खिडकी नकाशात आहे तेवढीच, पुढे कोणाचं एसीचं युनिट तिच्यासमोर येणार नाही असं लेखी. डक्टाला कबुतरांची जाळी. पश्चिमेच्या उन्हाचा उल्लेख नव्हता.

तिनं त्या ओळी तशाच मेल केल्या. तासाभरात उत्तर आलं. "थँक यू मॅडम, व्हेरी क्लिअर." पहिल्या तिन्ही गोष्टी मान्य, सहीशिक्क्यासह. जाळीचं सोसायटी फॉर्म झाल्यावर सोसायटीनंच बघायचं आहे.

कलम १४ मध्ये कबुतरांचं काही बसतं का, ते मी सध्या वाचतो आहे.