वाफा आणि वही

शालेय परसबाग म्हणजे पर्यावरणशास्त्राच्या अध्यापनासाठी शाळेच्या आवारात राखलेला, बहुधा गळक्या टाकीच्या कृपेने ओला राहणारा असा भूखंड, की ज्यात रोपांपेक्षा रोपांच्या नावाच्या पाट्या अधिक जोमाने तग धरतात. या भूखंडाचे कूळ मोठे आहे. हातांच्या उत्पादक कामातून सर्व विषय शिकवावेत हा नई तालीमचा विचार वर्ध्याच्या परिषदेत १९३७ साली मांडला गेला, आणि डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पाबळ येथे १९८३ साली स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात शेती, ऊर्जा व लोखंडकाम करत करत शिकण्याची रीत रुजली. मात्र सर्वसाधारण शाळेत या थोर कुळाचा संसार प्रकल्पवहीवर चालतो, आणि वाफा व वही या दोन राण्यांपैकी वहीच कायम आवडती ठरते.

वनस्पतींमध्ये शालेय वेळापत्रकाचा मान राखणारी भाजी एकच, ती म्हणजे मेथी. ती पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांत काढणीला येते आणि घटक चाचणीच्या आड येत नाही. वांगी मात्र पुनर्लागवड, म्हणजे रोपवाटिकेतून वाफ्यात केलेले स्थलांतर, झाल्यावरही दोनेक महिने घेतात, त्यामुळे ती नेमकी दिवाळीच्या सुट्टीत धरतात आणि त्यांची काढणी कुंपणाच्या भगदाडातून आलेली शेळी करते. एका जीवाने साठवलेली ऊर्जा दुसऱ्याकडे जाण्याच्या क्रमाला अन्नसाखळी म्हणतात, व प्रत्येक पायरीवर ढोबळमानाने दहावा हिस्साच पुढे सरकतो, असे प्रकरण पाचमध्ये छापलेले असते. ते प्रकरण चार पायांवर चालत आवारात येते, प्रात्यक्षिक देते आणि तृप्त होऊन जाते, तरी वहीत त्या आठवड्यापुढे ‘वाढ समाधानकारक’ एवढीच नोंद आढळते. ती नोंद शेळीच्या बाजूने पाहता खोटी नाही.

सौर कुकरची अडचण निराळी आहे. काळ्या रंगाची पेटी काचेतून आलेला प्रकाश शोषून तापते, त्या तापाचे अवरक्त किरण काचेतून सहजासहजी बाहेर पडत नाहीत, आणि भांडे शिजते. हे तत्त्व द सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने १७६७ साली आपल्या काचपेटीत फळे शिजवून दाखवले, आणि त्यांच्या यशाचे एक कारण असे संभवते की त्यांच्या पेटीभोवती सहावीचा वर्ग उभा नव्हता. झाकण उघडले की साठलेली उष्णता निसटते, आणि चाळीस विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाला खिचडी झाली का हे स्वतः पाहायचे असते. सबब सौर कुकरची कार्यक्षमता वर्गाच्या जिज्ञासेच्या व्यस्त प्रमाणात असते, हा नियम पाठ्यपुस्तकात यायचा राहिला आहे. त्यातच शाळेचा तास पस्तीस मिनिटांचा व सूर्याचा साठ मिनिटांचा असल्याने, विज्ञानाच्या तासाला चढवलेली खिचडी इतिहासाच्या तासाला शिजते आणि संस्कृतच्या तासाला संपते.

या सर्वांत बायोगॅसची टाकी सर्वाधिक मानी. पुण्याच्या आरती या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकटे व पिठूळ पदार्थ यांवर चालणारे घरगुती संयंत्र विकसित केले, ज्याला २००६ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्यात पाण्याच्या एका टाकीत दुसरी उलटी बसवलेली असते व गॅस साठेल तशी ती वर उचलली जाते. सुरुवातीच्या गॅसात कार्बन डायऑक्साइड जास्त असल्याने तो पेटत नाही, तो सोडून द्यावा लागतो. परंतु टाकी वर आलेली दिसताच पाहुण्यांना बोलावणे जाते आणि पाहुण्यांच्या हाती काडेपेटी दिली जाते. अर्धी पेटी संपल्यावर टाकीला उपास घडला असावा असे निदान होऊन मध्यान्ह भोजनाचे सगळे उरलेसुरले तिच्यात ओतले जाते, आम्ल वाढते, मिथेन करणारे सूक्ष्मजीव काम थांबवतात, आणि टाकी आंबते. वहीत ज्योत निळी असते, कारण ती मागील वर्षीच्या वहीतही निळीच होती.

एखाद्या विद्यार्थिनीने ‘गॅस पेटला नाही, टाकी आंबली असावी, थोडा चुना घालून पाहावे’ असे निरीक्षण लिहिलेच, तर त्याखाली लाल शाईत ‘निष्कर्ष पुस्तकाप्रमाणे लिहावा’ असा शेरा पडतो व अक्षर सुवाच्य असल्याबद्दल एक गुण मिळतो.