सहावा गठ्ठा

शेंडीत कोणालाही विचारा, धरणात आज पाणी किती? तो म्हणणार, नानांना विचारा. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त होऊन नानांना बरीच वर्षं झाली, पण घाटघर, रतनवाडी, पांजरे आणि वाकीचा पाऊस सकाळच्या चहाआधी त्यांना पाठ असतो. भंडारदऱ्याची पूर्ण क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, हा आकडा ते तोंडात तंबाखू असतानासुद्धा एकही अक्षर न गाळता उच्चारतात. कोणी ढोबळपणे "अकरा टीएमसी" म्हणालं, की नाना त्याच्याकडे असे बघतात, जणू वरचे एकोणचाळीस त्यानेच घरी नेले.

घरातल्या कॉम्प्युटरची क्षमता किती, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. ते कळलं ऐन काजव्यांच्या मोसमात.

जलाशयाकाठी नानांच्या चार खोल्या आहेत आणि मोसमापुरते काही तंबू. मे संपता संपता वळवाचे ढग दाटले, की मुतखेल-घाटघरच्या रस्त्याला हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर काजवे लुकलुकायला लागतात, आणि तो अंधार बघायला मुंबई-पुण्याच्या गाड्या हेडलाईट पूर्ण सोडून येतात. त्या दिवसांत नानांच्या ओटीवर पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका शनिवारी संध्याकाळी पाच कुटुंबं पावतीसाठी ताटकळत उभी, आणि प्रिंटर गप्प. पडद्यावर सूचना: सी ड्राइव्हवर जागा शिल्लक नाही. दहा टक्क्यांहून कमी जागा उरली की विंडोज ती पट्टी लाल करतं. नानांची पट्टी कधीपासून लाल होती कोण जाणे; त्यांना वाटायचं रंगच तसा आहे.

"भरलाय ना? मग चांगलंच की," नाना म्हणाले. "धरण भरलं की आपण नारळ घेऊन जलपूजनाला जातो. हा भरला तर तुम्ही रडता."

पावत्या हाताने लिहिल्या. नानांना त्याचं काडीचं दुःख नव्हतं. उलट कपाटातून कार्बन कागद काढताना "बघा, ठेवला होता म्हणून!" हे त्यांनी पाचही कुटुंबांना वेगवेगळं ऐकवलं.

हे वाक्य म्हणजे नानांचा कुलधर्म. नानांच्या घरात बंद पडलेलं काहीही बाहेर जात नाही. तीन रेडिओंचे सांगाडे आहेत, विजेची १९९०च्या आसपासची बिलं आहेत, ज्या पंपाला भंगारात जाऊन दोन पावसाळे उलटले त्याचं गॅरंटी कार्ड आहे. हे सगळं नीट, सुतळीने बांधून. अशी माणसं गबाळी नसतात, हे लक्षात ठेवलं पाहिजे. गबाळ्या माणसाकडे पसारा असतो. नानांकडे दप्तर आहे.

दुसऱ्या दिवशी नात आली. ती संगमनेरला कॉलेजात शिकते आणि नानांना "नाना"च म्हणते. तिला वाटलं होतं, पाहुण्यांनी पाठवलेले काजव्यांचे व्हिडिओ जागा खात असतील. (काजव्यांचे व्हिडिओ म्हणजे तीन मिनिटं काळोख आणि मागून "दिसलं का? दिसलं का?") ते निघाले थोडेच. जागा खाल्ली होती ब्राउझरनी. सी ड्राइव्हवर क्रोमच्या फोल्डरांची रांग लागली होती. "क्रोम जुना". "क्रोम जुना चालू". "क्रोम जुना चालू खरा". "क्रोम काजवे गेल्या वर्षीचा". शेजारी फायरफॉक्सच्या पाच पिढ्या. प्रत्येक फोल्डर काही शेकडो एमबीचा, आणि सगळे मिळून पंधरा-सोळा जीबी. डिस्क होती एकशेअठ्ठावीसची.

हे झालं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. क्रोम नवा होतो तेव्हा जुन्याच्या अंगावर चढत नाही. प्रोग्रॅम फाईल्समध्ये स्वतःच्या आवृत्तीच्या आकड्याचा एक वेगळा फोल्डर करतो आणि वाट बघत बसतो. ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडला, की कारभार नव्याकडे जातो आणि मग जुना फोल्डर आपोआप साफ होतो. पण त्यासाठी ब्राउझर बंद करावा लागतो. नाना तो कधीच बंद करत नाहीत. "चालू कामकाज मधेच थांबवायचं नसतं," असं म्हणून ते रात्री फक्त पडद्याचं बटण दाबतात. त्यामुळे नवा दाराशी उभा आणि जुना खुर्चीत. त्यातून कधी वीज जाऊन यंत्र बंद पडलं, तर पुन्हा सुरू झाल्यावर बदल होणार. हे नानांनी एकदा पाहिलं, वरची बटणं जरा गोल झालेली दिसली, आणि तेव्हापासून ते चालू आवृत्तीचा अख्खा फोल्डर आधीच कॉपी करून ठेवू लागले. क्रोमचा मोठा आकडा पूर्वी सहा आठवड्यांनी बदलायचा, २०२१ पासून तो चार आठवड्यांवर आला. नानांचं काम वाढलं.

"नाना, हे काढू या," नात म्हणाली.

"कोणतं?"

"सगळंच."

नानांनी चष्मा काढून पुसला. मी तिथेच होतो. शेजारी म्हणून आणि शाळेतला मास्तर म्हणून, म्हणजे दोन्ही बाजूंनी साक्षीला. पुढचा तासभर प्रत्येक फोल्डरची सुनावणी झाली.

फायरफॉक्स ५२ का ठेवलाय? तर एका कंत्राटदाराच्या ई-निविदा नाना भरून द्यायचे. डिजिटल सहीसाठी तेव्हा जावाचं प्लगइन लागायचं. क्रोमने त्या जातीच्या प्लगइनना २०१५ साली दार लावलं, फायरफॉक्सने २०१७ च्या मार्चमध्ये. फक्त ५२ ची लांब मुदतीची आवृत्ती त्यांना आणखी काही काळ आत घेत राहिली. तेव्हा ही आवृत्ती जपण्यात शहाणपण होतं, हे मान्यच करायला हवं. पण ती साइट बदलली, सही करायची पद्धत बदलली, कंत्राटदाराने हॉटेल टाकलं. नाना म्हणाले, "हॉटेल चाललं नाही तर?"

क्रोम १०९ का? तर विंडोज ७ वर चालणारा तो शेवटचा. २०२३ च्या फेब्रुवारीत ११० आला आणि त्याने विंडोज ७ सोडलं. बरोबर आहे. पण नानांच्या कॉम्प्युटरवर आता विंडोज १० आहे. "उद्या परत सातवर यायची वेळ आली तर?" परत सातवर यायची वेळ कोणावर, का आणि कोणत्या ग्रहमानाने येईल, हे मी विचारलं नाही.

इंटरनेट एक्स्प्लोररवर तर नानांचा जीव. एके काळी काही मराठी वर्तमानपत्रांच्या साइटवरची अक्षरं फक्त त्यातच उमटायची, दुसरीकडे बातमीच्या जागी रोमन कचरा दिसायचा. त्याचं चिन्ह नानांनी डेस्कटॉपवर अजून ठेवलंय. त्यावर क्लिक केलं की आता एज उघडतो. खुर्चीत साहेब नवा, दारावर पाटी जुनी. नात म्हणाली, "नाना, तो १५ जून २०२२ ला निवृत्त झाला."

"निवृत्त झाला म्हणजे मेला का?" नाना कडाडले. "मीही निवृत्तच आहे!"

यावर घरात कोणी बोललं नाही. नानांनी ती शांतता जिंकल्यासारखी वापरली. खिडकीतून भिंतीकडे हात केला. "हे धरण १९२६ ला पुरं झालं. विल्सन साहेबाचं नाव दिलं. शंभर वर्षांचं व्हर्जन. चालतंय का नाही? केलं कोणी अपडेट?"

मी म्हटलं, "नाना, १९६९ ला भिंतीला तडे गेले होते. मग मागून टेकू बांधून ती मजबूत केली. ते अपडेटच झालं की."

"झालं ना? पण जुनी भिंत काढली का? तिला टेकू दिला, मास्तर. टेकू!"

खरं तर जुना ब्राउझर ठेवण्यात जागेपेक्षा मोठा धोका असतो. त्यातल्या फटी जगजाहीर झालेल्या असतात आणि त्या बुजवायला कोणी येत नाही; अशा ब्राउझरमधून बँकेची साइट उघडणं म्हणजे आपणहून विषाची परीक्षा. हे मी सांगणार होतो. पण भिंत, टेकू आणि निवृत्ती यांच्यापुढे ते कोण ऐकणार?

नात मात्र नानांच्या रक्ताची. तिने वेगळी वाट धरली, आणि ती कळायला जिल्ह्याचा थोडा इतिहास लागतो. १९८०च्या दशकात अहमदनगरला अनिलकुमार लखिना नावाचे जिल्हाधिकारी होते. सरकारी कचेऱ्यांत कागदांचे डोंगर साचलेले, हवा तो कागद सापडायचा नाही. त्यांनी ते उपसायला लावले आणि कामाची जी शिस्त घातली, ती "लखिना पॅटर्न" म्हणून राज्यभर गेली. सहा गठ्ठ्यांची पद्धत त्याच घराण्यातली. टेबलावर चालू काम वेगळं, उत्तराची वाट बघणारं वेगळं, नियतकालिकं वेगळी, स्थायी आदेश वेगळे, अभिलेख कक्षात जायचं ते वेगळं, आणि सहावा गठ्ठा "ड" वर्गाचा, म्हणजे मुदत संपली की नष्ट करायचा. नानांच्या टेबलाची तपासणीत नेहमी वाहवा व्हायची. पाच गठ्ठे रेखीव. सहाव्या जागी एक कोरा पुठ्ठा, वर सुंदर अक्षरात "ड", आणि खाली काहीही नाही. नोकरीभर.

हे घरात सगळ्यांना माहीत होतं, विनोद म्हणून. नातीला त्यात काय दिसलं ते दुसऱ्या दिवशी कळलं. तिने फुलस्केप कागदावर टिपणी लिहून आणली. "विषय : कालबाह्य ब्राउझर आवृत्त्यांचे निंदणीकरण. संदर्भ : सी ड्राइव्हची लाल पट्टी. उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, सोबतच्या यादीतील फोल्डर 'ड' वर्गात मोडत असून त्यांचे जतन कालावधी संपुष्टात आला आहे. सबब ते नष्ट करण्यास मान्यता मिळावी. मान्यतेस्तव सविनय सादर." सोबत यादी: फोल्डरचं नाव, आकार, शेवटचा वापर, शेरा. चालू आवृत्ती यादीत नाही, हे खाली अधोरेखित. पासवर्ड आणि बुकमार्क या फोल्डरांत नसून वापरकर्त्याच्या नावाच्या निराळ्या फोल्डरात असतात, त्यामुळे त्यांना धक्का लागणार नाही, असाही खुलासा. आणि कागदावर आडवं ठेवलेलं हिरव्या शाईचं पेन.

नानांनी टिपणी दोनदा वाचली. "'त्यांचे जतन कालावधी' नाही. कालावधी पुल्लिंगी. 'त्यांचा' कर." नातीने केलं. मग त्यांनी पेन उचललं, शाईचा रंग बघितला आणि गप्प झाले.

हिरवी शाई साहेबांची. सबंध नोकरीत नानांनी शेकडो टिपण्या "मान्यतेस्तव सादर" केल्या असतील. मान्य करणारा हात कायम दुसऱ्याचा. आम्ही सगळे समजत होतो की या माणसाला काही टाकवत नाही. त्यांना टाकायचा अधिकारच कधी कोणी दिला नव्हता.

"मान्य," नानांनी लिहिलं. खाली सही, तारीख. मग सहीखाली आणखी एक लफ्फेदार रेघ, जी पूर्वी नव्हती.

काम मात्र त्यांच्या रीतीने झालं. विसर्गाआधी नदीकाठच्या गावांना इशारा द्यावा लागतो, म्हणून घरात सूचना फिरली: सायंकाळी पाच वाजता कॉम्प्युटरवरून फोल्डर सोडण्यात येणार आहेत, कोणीही पात्रात उतरू नये. आजींनी विचारलं, "म्हणजे काय करू नये?" नाना म्हणाले, "माउसला हात लावू नये." पाचला ब्राउझर रीतसर बंद झाला, कितीतरी महिन्यांनी. पुन्हा उघडल्यावर क्रोमने स्वतःचा जुना फोल्डर स्वतःच साफ केला. मग यादीतले. पहिल्याच फोल्डरला खिडकी आली: हे करायला प्रशासकाची परवानगी लागेल.

"बघ," नाना मला म्हणाले. "यंत्राला नियम माहीत आहेत. आता प्रशासक कोण?"

"तुम्हीच, नाना," नात म्हणाली.

नानांनी सदऱ्याची कॉलर नीट केली आणि "कंटिन्यू" दाबलं. एकेक करत सगळे गेले. फायरफॉक्स ५२ च्या वेळी हात किंचित थांबला, पण गेला. आणि एवढं करून सी ड्राइव्हची पट्टी तशीच लाल.

"सोडलं तर मग खाली गेलं कुठे?" नाना खवळले.

"रिसायकल बिनमध्ये. तिथे जागा धरून बसलंय."

"म्हणजे निळवंड्यात अडकलं!" नानांना एका क्षणात जे समजलं, ते समजवायला मला वर्गात अख्खा तास लागतो. भंडारदऱ्यातून सुटलेलं पाणी खाली निळवंडे धरणात थांबतं, तिथली क्षमता ८,३२० दशलक्ष घनफूट, आणि तिथून ते सुटल्याशिवाय पुढच्या कोणाला काही मिळत नाही. नानांनी बिनवर उजवं क्लिक केलं आणि रिकामं करण्याआधी मागे वळून पाहिलं. "एवढ्यावर जायकवाडीवाले हक्क सांगायला येत नाहीत ना?"

पट्टी निळी झाली. पंधरा-सोळा जीबी मोकळे. प्रिंटरने अडकलेल्या पाचही पावत्या एकामागून एक बाहेर टाकल्या. नानांनी त्या सुतळीने बांधून ठेवल्या.

प्रकरण इथे संपायला हरकत नव्हती. पण नानांना हिरव्या शाईची चटक लागली. नात संगमनेरला परत गेली, आणि नाना रोज रात्री जेवण झालं की एक फोल्डर तपासणीला घेऊ लागले. कपाटातला "ड" लिहिलेला पुठ्ठा आता कॉम्प्युटरशेजारी आहे आणि त्यात टिपण्या साचताहेत. सादर करणारे नाना, मान्य करणारेही नाना. प्रोग्रॅम फाईल्स नावाचे दोन फोल्डर दिसले तेव्हा त्यांनी "दुबार नोंद, एक कमी करावी" असा शेरा मारला होता. नशीब, नातीला आधी फोन केला. ती फोनवर एवढ्याने ओरडली की आजी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

परवा मी गेलो, तर नाना विंडोजच्या फोल्डरात पार आतपर्यंत उतरले होते.

"मास्तर, हे वाचा."

मी वाचलं. सिस्टीम ३२.

"बत्तीसावी आहे, ठीक आहे. मग आधीच्या एकतीस कुठायत? नष्ट केल्या तर कोणाच्या मान्यतेने? फायलीत एक चिटोरं नाही."

मी म्हटलं, "नाना, ते नुसतं नाव आहे हो."

"नाव आहे ते मलाही दिसतंय," असं म्हणून नानांनी पेनाचं टोपण काढलं आणि कंपनीकडून खुलासा मागवायला घेतला.