महेश बाबूची आजेसासू

"वहिनी, ऐकलंत का? कालवं विकून एकाने महाल बांधलाय!"

भिंतीपलीकडे मेथी निवडणारे हात थांबले. "कोण हो? आपल्या खाडीवरचा?"

"कसली दहिसरची खाडी! अमेरिकेतला, तोही सिनेमातला. सिनेमा जर्मन, 1919चा, मुका. नातवाने काल लॅपटॉपवर लावून दिला. दिग्दर्शक लुबिच. त्या कालववाल्याची सिगार धरायलासुद्धा नोकर! लेक वर्तमानपत्रं भिरकावतेय. बाप विचारतो, पेपर का फेकतेस? तर म्हणे, फुलदाण्या फोडून संपल्या."

"आमच्या सुनेला नका दाखवू."

"आणि बापाचं पालुपद एकच, यात काय विशेष! लेकीसाठी हेरलेल्या राजपुत्राचा दोस्त मुलगी बघायला येतो, त्याला दिवाणखान्यात ताटकळत ठेवतात. करणार काय बिचारा? फरशीवर नक्षी आहे, तिच्या रेघांवरून एकेक पाऊल टाकत फिरत राहतो. बस, एवढंच. पण त्या घराची घमेंड आणि याची फजिती, दोन्ही कळतात."

"मग आपला 'ब्रह्मचारी' काय कमी होता?" वहिनींचा आवाज चढला. "1938चा. अत्र्यांची लेखणी, मास्टर विनायकांचं दिग्दर्शन. त्यातला नायक औदुंबर ब्रह्मचर्यावरचं भाषण ऐकून येतो नि नट्यांचे फोटो फेकून देतो. मग पुढ्यात कोण? मीनाक्षी शिरोडकर, पोहण्याच्या पोशाखात!"

"केवढा गहजब झाला होता म्हणे."

"गहजब करणारेच दोनदा बघून आले असतील. नम्रता शिरोडकर तिचीच नात. म्हणजे महेश बाबूची आजेसासू हो ती!"

आता यावर काय बोलणार? पण मुद्दा सोडवेना. "लुबिचकडे आवाज नव्हता, विनायकांकडे अत्र्यांची जीभ होती. तरी मला विचाराल तर खरी गंमत त्या जिभेत नाही. विनायक स्वतःच औदुंबर झाले आणि त्यांनी ते व्रत अगदी मनापासून घेतलं. वेडीवाकडी तोंडं केली असती तर व्रत डळमळताना कोण हसलं असतं?"

"ते असू दे. त्या कालववाल्याचं काय झालं?"

"लेकीचं लग्न होतं. म्हातारा खोलीच्या दाराशी वाकून किल्लीच्या भोकातून बघतो नि म्हणतो, हे मात्र विशेष!"

"अगं बाई! लोकांच्या घरात डोकावायचं म्हणजे…" म्हणत वहिनी चवड्यांवर उंच झाल्या. "ताई, ती तुमच्या दारातली नवी स्कूटर कुणाची?"