जीवरसायनाची पदवी: साहित्य, कृती आणि दक्षता

उद्देश

बारावी सायन्सला मेडिकलपुरते गुण न पडलेल्या आणि इंजिनीअरिंगचे नाव काढताच जेवणावरून उठणाऱ्या मराठी मुलास अथवा मुलीस बेंगळुरूस पाठवून रसायनशास्त्राची, त्यातही जीवरसायनाकडे झुकलेली पदवी मिळवून देणे. हा विषय पुण्यात मिळत नाही का, अशी पृच्छा या टप्प्यावर घरातून होते. मिळतो. परंतु पुण्यात मामा राहतात.

साहित्य

उद्यान एक्सप्रेसचे तिकीट. प्रवास जवळपास चोवीस तासांचा असल्याने सोबत चिवडा. गोडा मसाला, मेतकूट, कुकर. पांढरे अ‍ॅप्रन दोन. पैकी एक सिल्व्हर नायट्रेटच्या काळ्या डागांसाठी पहिल्याच महिन्यात अर्पण होतो. लेनिंजरचे जीवरसायनाचे पुस्तक एक, हजाराहून अधिक पानांचे. पीजीच्या खोलीत टेबल मिळत नाही, त्यामुळे दोन्ही अर्थांनी उपयोगी.

शहाजीराजांना बेंगळुरूची जहागीर मिळाली होती, ही माहिती विद्यार्थ्याजवळ असावी, मात्र घरमालकाला सांगू नये. डिपॉझिट त्याने कमी होत नाही.

कृती: प्रवेश

प्रथम पदवी किती वर्षांची हे ठरवावे. ते आपल्या हातात नसते, पण ठरवावे. टाटा इन्स्टिट्यूटने, म्हणजे कागदोपत्रीच्या भारतीय विज्ञान संस्थेने, २०११ पासून चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम ठेवला आहे. कर्नाटकातल्या इतर कॉलेजांत पूर्वी तीन वर्षे होती. २०२१-२२ मध्ये नव्या राष्ट्रीय धोरणाप्रमाणे चौथ्या वर्षाची सोय झाली आणि २०२४ मध्ये राज्य पुन्हा तिनावर आले. हे ज्या आयोगाच्या अंतरिम अहवालावरून झाले त्याचे अध्यक्ष सुखदेव थोरात, म्हणजे आपलेच. तेव्हा बेंगळुरूत मराठी माणसाचे कोणी ऐकत नाही ही तक्रार निदान या बाबतीत करता येणार नाही. बेंगळुरू विद्यापीठाचेही २०१७ मध्ये तीन भाग झाले. प्रवेश कुठल्या नावाखाली घेतला आणि प्रमाणपत्रावर कुठले नाव आले, हे नोकरीच्या मुलाखतीत शांतपणे समजावून सांगण्याचा सराव ठेवावा.

विषय एकटा मिळत नाही. रसायन, जीवरसायन आणि सूक्ष्मजीवशास्त्र, अशी तिघांची टोळी घ्यावी लागते. टोळीतला एक तुम्हाला आवडतो, एक जमतो, आणि तिसऱ्याची हजेरी कमी पडते.

आता महत्त्वाचा भाग. ‘तिकडे कोणाची ओळख आहे का?’ हा मराठी घरातला पहिला आणि बहुधा शेवटचा शैक्षणिक प्रश्न. या बाबतीत आमच्याकडे एक पूर्ण झालेला, निकाल लागलेला प्रयोग उपलब्ध असल्याने तो सविस्तर देतो.

१९३३ साली कमला भागवत नावाची मुलगी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली. मुख्य विषय रसायन, जोडीला भौतिक. पुढील संशोधनासाठी तिने टाटा इन्स्टिट्यूटकडे अर्ज केला. ओळख म्हणाल तर याहून जास्त कुणाची असणार? वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. गुण म्हणाल तर भरपूर. (बहीण दुर्गा. पुढे तिच्याशी वाद घालण्याची हिंमत साहित्य महामंडळालाही फारशी झाली नाही, पण त्या दिवसांत ती ओळख कामाची नव्हती.) संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळून तीन वर्षे झालेली. त्यांनी अर्ज नाकारला. कारण अर्जदार मुलगी होती. बाकी कुठलेही कारण दिले नव्हते, आणि प्रामाणिकपणाबद्दल तेवढे गुण त्यांना द्यायला हरकत नाही.

येथे सामान्य मराठी कुटुंबात पुढील कृती होते: वडील म्हणतात ‘जाऊ दे’, आई म्हणते ‘बी.एड. कर’, काका म्हणतात ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’. कमलाबाईंनी ती वगळली. त्या बेंगळुरूला गेल्या, नकाराचे कारण समोरासमोर विचारले आणि सत्याग्रहाचा मार्ग धरला. शेवटी रामन यांनी अटींवर प्रवेश दिला. पहिले वर्ष परीक्षेचे, तोवर नियमित विद्यार्थिनी म्हणून नाव नाही; मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम; आणि प्रयोगशाळेतल्या पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित करायचे नाही. शेवटच्या अटीत सहकाऱ्यांनी आपले लक्ष आपणच सांभाळावे असे कुठे म्हटलेले नाही. बहुधा ते त्यांच्या कुवतीबाहेरचे समजले गेले.

म्हणून कृती अशी: नकार आल्यास उद्यान एक्सप्रेस पकडावी. ईमेल पाठवू नये. ‘रिगार्ड्स’ लिहून सत्याग्रह होत नाही.

मार्गदर्शक मिळाले श्रीनिवासय्या आणि विषय मिळाला दूध, डाळी व कडधान्ये यांतली प्रथिने. वर्षभराने रामन यांचे मत बदलले आणि पुढे संस्थेचे दार मुलींना उघडले. कमलाबाई १९३६ मध्ये एम.एस्सी. झाल्या, केंब्रिजला गेल्या, वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी असते हे दाखवले आणि १९३९ मध्ये पीएचडी मिळवली. प्रबंध सुमारे चाळीस पानांचा. आजच्या विद्यार्थ्याने ही माहिती गोपनीय ठेवावी, कारण त्याच्या सहा आठवड्यांच्या प्रोजेक्टची स्पायरल बाइंडिंग केलेली प्रत ऐंशी पानांची असते आणि त्यात आभार तीन पानांचे असतात.

कृती: प्रयोगशाळा

बेंगळुरूचा कारभार एका वाक्यावर चालतो: स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी. बसमध्ये तिघांच्या जागेवर चौथा, खोलीत दोघांच्या जागेत तिसरा, मीटरऐवजी अंदाज. हे सर्व ठिकाणी चालते, विद्यार्थ्याने मनापासून शिकून घ्यावे. फक्त ब्युरेटला ते कळत नाही.

टायट्रेशनची पद्धत सोपी आहे. फ्लास्कमध्ये आम्ल, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन, वरून अल्कली थेंबाथेंबाने. कायमचा फिका गुलाबी रंग आला की थांबायचे. फिका म्हणजे पांढऱ्या कागदावर ठेवल्याशिवाय दिसत नाही इतका. पण विद्यार्थी ज्या क्षणी शेजारच्या बाकाकडे पाहतो त्याच क्षणी तो थेंब पडतो, आणि फ्लास्कमध्ये लग्नातल्या सरबताचा रंग येतो. पुन्हा धुवा, पुन्हा भरा. एकमेकांशी जुळणारी रीडिंग मिळेपर्यंत हे करायचे, आणि जुळणारी म्हणजे ०.१ मिलिलिटरच्या आत.

अनुभवी विद्यार्थी येथे एकदाच टायट्रेशन करून उरलेली दोन रीडिंग वहीत पैदा करतो. या विद्येचे मुख्य तंत्र असे की आकडे फार जुळवू नयेत. १०.२, १०.२, १०.२ असे लिहिणाऱ्याला परीक्षक चष्म्यावरून पाहतात. ज्याने खरोखर काम केले आहे त्याच्या वहीत एक १०.७ असतो आणि त्यावर काट मारलेली असते. म्हणून होतकरू लबाडाने आधी एक चुकीचे रीडिंग तयार करावे, मग ते खोडावे, मग खोडल्याचे कारण तयार करावे. एवढे करायला जितका वेळ लागतो तितक्यात खरी तीन टायट्रेशन्स होतात, हे बहुतेकांच्या दुसऱ्या सेमिस्टरला ध्यानात येते. काही जण मात्र तोवर या कलेत इतके रमलेले असतात की ते पुढे मॅनेजमेंटला जातात.

पाणी येथे शंभर अंशांना उकळत नाही. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच असल्याने सत्याण्णवच्या आसपासच उकळायला लागते. मुंबईच्या आईने फोनवर सांगितलेला डाळीचा वेळ म्हणूनच उघड्या पातेल्यात लागू पडत नाही, आणि कुकर साहित्यात आहे तो उगाच नाही.

निरीक्षणे

लाळेतील अमायलेजचा प्रयोग पहिल्या वर्षीच येतो. पिष्टाच्या द्रावणात आयोडीन घातले की निळे; लाळ मिसळून सदतीस अंशांवर ठेवले की तो निळा रंग हळूहळू नाहीसा होतो. एन्झाइम बाटलीतून येत नाही. ते गटातल्या कोणाकडून तरी घ्यावे लागते. चूळ भरून बीकरमध्ये थुंकण्यास कोण तयार होतो, यावरून गटातला पुढारी ठरतो आणि ती निवड तीन वर्षे टिकते.

ओसाझोनचा प्रयोग या साऱ्या अभ्यासक्रमातला सर्वांत सुंदर, आणि त्याविषयी चेष्टा करायला आम्ही तयार नाही. साखरेच्या द्रावणात फेनिलहायड्रेझीन घालून उकळत्या पाण्यात धरा. ग्लुकोजचे पिवळे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली केरसुणीच्या काड्यांसारखे दिसतात, माल्टोजचे सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारखे, लॅक्टोजचे पावडर लावायच्या पफसारखे. उसाच्या साखरेचे काहीच होत नाही. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे स्फटिक मात्र हुबेहूब एक, कारण दोघांतला फरक ज्या दोन कार्बनांवर असतो तेच दोन कार्बन या अभिक्रियेत खर्ची पडतात. ओळखायचे कसे? घड्याळाने. फ्रुक्टोज आधी येतो. दोनेक मिनिटांत पिवळे झाले तर तो, चार-पाच लागली तर ग्लुकोज. बोलत बसलेल्याला दोन्ही सारखेच.

जीवरसायनाचा विद्यार्थी गर्दीत बोटांवरून ओळखावा. अमिनो आम्लांसाठी वापरतात ते निनहायड्रिन त्वचेवर सांडले की जांभळे डाग पडतात व दिवसचे दिवस राहतात. पोलीस ठशांसाठी हेच वापरतात. मल्लेश्वरमच्या सीटीआरमध्ये बेन्ने डोसा खाणारा जांभळ्या बोटांचा तरुण दिसल्यास घाबरू नये.

शरीराला बाहेरून लागणाऱ्या दहा अमिनो आम्लांची आद्याक्षरे ‘पीव्हीटी टिम हॉल’ या नावात बसवलेली आहेत. हा शिपाई कोणत्या पलटणीत होता ते कुणालाच ठाऊक नाही, पण जगभरची पोरे त्याच्यावर पास होतात. त्यातले लायसिन भातात कमी, डाळीत भरपूर; मेथिओनिनचे उलट. वरणभात या दृष्टीने पूर्ण प्रथिन आहे, आणि बिसी बेळे भातही. घरची आठवण आली असता दुसरा खाऊन पहिल्याचे समाधान मानण्यास रसायनशास्त्राची हरकत नाही. आजीची असते.

दक्षता

पिपेट तोंडाने ओढू नये. सीनियर ओढतात, सीनियरांच्या दातांकडे पाहावे.

क्रेब्ज सायकल परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करू नये. तिचे आठ टप्पे आहेत आणि पहाटे तीनला ती खरोखरच गोल फिरते. हान्स क्रेब्ज यांनी ती १९३७ मध्ये मांडली तेव्हा ‘नेचर’ने त्यांचे टिपण छापायला नकार दिला आणि मग ते दुसऱ्या नियतकालिकात आले. त्यांना पुढे नोबेल मिळाले. तुमची प्रॅक्टिकलची वही, जिला बेंगळुरूत रेकॉर्ड म्हणतात, ती सही न होता परत आली तर हा दाखला मनात आणावा, मास्तरांपुढे आणू नये.

वास येतो अशी तक्रार करू नये. टाटा इन्स्टिट्यूटमध्ये १९२१ साली जीवरसायन विभाग सुरू झाला तेव्हा पहिले प्रमुख गिल्बर्ट फाउलर हे मँचेस्टरहून आलेले सांडपाणी शुद्धीकरणाचे जाणते होते. या शहरातल्या जीवरसायनाचा पाया गटारावर आहे, आणि बेलंदूर तलावाला एकदा भेट दिली की त्यांचे काम अजून संपलेले नाही हे दिसते.

तोंडी परीक्षा

तोंडी परीक्षा दोन असतात. पहिली बाहेरून आलेले परीक्षक घेतात. प्रथिने मोजायच्या लोरी पद्धतीत निळा रंग कशामुळे येतो, एवढे तयार ठेवावे. लोरी यांचा १९५१ चा लेख जगातल्या शास्त्रीय साहित्यात सर्वाधिक वेळा उद्धृत झालेला आहे, ही माहिती पुरवणी म्हणून सोडावी. परीक्षकांना ती आधीच माहीत असली तरी चहा यायची वेळ जवळ येते.

दुसरी दिवाळीत किंवा लग्नात होते आणि ती मावशी घेतात. प्रश्न एकच: ‘मग आता पुढे काय?’

‘एम.एस्सी.’ हे उत्तर देऊ नये, त्यावर पुन्हा तोच प्रश्न येतो. ‘रिसर्च’ म्हटल्यास पगार विचारतात. आमची शिफारस अशी की किरण मुजुमदार-शॉ यांचे उदाहरण द्यावे. बेंगळुरूत बी.एस्सी. झाल्या, तेही प्राणिशास्त्रात, मग ऑस्ट्रेलियात बिअर बनवण्याचे शास्त्र शिकल्या, आणि १९७८ मध्ये भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये दहा हजार रुपयांवर बायोकॉन सुरू केली. मावशींचा चेहरा उजळतो. ‘कसली कंपनी, संगणकाची?’ नाही, एन्झाइमची. पहिल्या मालात पपईपासून काढलेले पपेन होते.

‘पपई?’ असे मावशी दोनदा म्हणतात. घाई न करता सांगावे की कच्च्या पपईच्या चिकात प्रथिने तोडणारे एन्झाइम असते. यावर मावशी म्हणतात की कच्च्या पपईचा तुकडा टाकला की मटण लवकर शिजते हे त्यांच्या सासूबाईंनी त्यांना शिकवले होते आणि त्यासाठी त्या कुठे बेंगळुरूला गेल्या नव्हत्या. हे मान्य करावे. मग जुने मटण, हल्लीचे मटण, कोल्हापूरचे मटण असे बोलणे वाढत जाते, काका त्यात पडतात, आणि विद्यार्थी पंगतीत जागा धरायला मोकळा होतो.