किती ओहमचा हो तुमचा?

कुणाला सांगू नका, पण हे हेडफोनचं खूळ आता चांगल्या चांगल्या घरांत शिरलंय. एरवी शर्ट घ्यायचा तर तीन दुकानं हिंडणारी, हप्ते वेळेवर भरणारी, चाळिशी उलटलेली माणसं रात्री सगळे झोपल्यावर कॉम्प्युटरसमोर बसतात. घरच्यांना वाटतं, ऑफिसचं काम. काम कसलं डोंबलाचं! बायरडायनॅमिकचा डीटी ७७० घ्यावा, ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स घ्यावा की सोनीचा एमडीआर-७५०६, या पेचात त्यांची झोप उडालेली असते. यातला सोनी १९९१चा आणि बायर तर १९८५चा. म्हणजे नवं पाहिजे असाही हट्ट नाही. जुनं खोड असलं तर उलट जास्त भाव!

आणि गोत्र विचारावं तसं पहिल्या भेटीत काय विचारतात ठाऊक आहे? “किती ओहमचा?” तो डीटी ७७० मिळतो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये. अडीचशेवाला ऐंशीवाल्याकडे ज्या नजरेने बघतो ना, ती बघण्यासारखी असते. खरं तर ओहम जास्त म्हणजे तेवढाच आवाज काढायला व्होल्टेज जास्त, इतकंच. लॅपटॉपच्या बिचाऱ्या भोकातून ते पुरेसं येत नाही. शहाणा म्हणेल, मग कमी ओहमचा घ्या. आमचे हे गृहस्थ म्हणतात, मग अॅम्प्लिफायर, म्हणजे अॅम्प, घेऊ.

अॅम्प आला की त्याला शोभेलसा डॅक हवा. डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करून देणारी वस्तू. ती लॅपटॉपच्या पोटात मुळातच असते, पण घरच्या गुणांना किंमत कोण देतो! मग ४.४ मिलिमीटर पिनची ‘बॅलन्स्ड’ वायर. मग हेडफोन टांगायला सागवानी स्टँड. माणसाच्या शर्टांना खुंटी नाही, हेडफोनला सागवान!

पुढचं तर सांगायलाही लाज वाटते. नवा हेडफोन आला की तो लगेच कानाला लावत नाहीत. तो म्हणे आधी ‘बर्न-इन’ करायचा. कपाटाच्या खणात ठेवून त्याच्यावर रात्र रात्र पिंक नॉइज, म्हणजे धबधब्यासारखा नुसता घोंघाट, वाजवत ठेवायचा. घरातली माणसं जागी आणि हेडफोनची साधना चालू! मोजमाप घेतलं तर आधीच्या-नंतरच्या आवाजात फरक सापडतो तो नगण्य. वापरता वापरता कानावरच्या गाद्या थोड्या मऊ होतात आणि कानाला सवय होते, ती वेगळी.

मग ‘हाय-रेझ’ची, म्हणजे सीडीपेक्षा बारीक नोंदीची, गोष्ट निघते. १९८२ साली आलेल्या सीडीची ४४.१ किलोहर्ट्झची नोंद २० हजार हर्ट्झच्याही थोडी वर पोचते, आणि माणसाचं ऐकणं तिथेच संपतं, तेही तरुणपणी. पन्नाशीत बहुतेकांची त्याच्या बरीच खाली बोळवण होते. पण आमच्या गृहस्थांना १९२ किलोहर्ट्झच हवं! त्यात ९६ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. तो ऐकायला वटवाघूळ पाळावं लागेल.

बरं, एवढ्या सरंजामावर ऐकतात काय? बालगंधर्वांची नाट्यपदं! ७८ फेऱ्यांची तबकडी, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, तीही कुणीतरी खरखरीसकट उतरवून दाबून बारीक केलेली. १९२५च्या सुमारास मायक्रोफोन आला, त्याआधी तर भोंग्यात तोंड घालून गायचे. त्या भोंग्यातला आवाज ऐकून हे सांगतात, “ट्रेबल जरा टोचतोय.” गाण्याबद्दल विचाराल तर गप्प.

पण एक मानलं पाहिजे. बंद पाठीचा, म्हणजे कानावरच्या वाट्या मागून बंद असलेला, हेडफोन घेण्यात अक्कल आहे. सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ काढून उघड्या पाठीची जात सुरू केली. तिचा आवाज मोकळा खरा, पण आतलं बाहेर आणि बाहेरचं आत. दोन खोल्यांच्या घरात तुमची भैरवी मालिकेत आणि मालिका भैरवीत. ते उघड्या पाठीवाले बंदवाल्यांना ‘डबा’ म्हणून हिणवतात. बेस घुमतो म्हणतात. घुमतो थोडा. पण कुकरची शिट्टी पुष्कळ मंदावते. शेजारच्या भजनातला पखवाज मात्र येणारच, कारण नुसत्या गादीने बारीक आवाज अडतात, जाडे अडत नाहीत.

आणि या बंद पाठीची सगळी अब्रू गादीत आहे. गादी कानाभोवती नीट बसली तर बेस. चष्म्याची दांडी मध्ये आली की फट पडली आणि बेस पसार. मग हे काय करतात? चष्मा तसाच ठेवून दुसरा डॅक मागवतात! त्यातून आपली हवा. नकली चामड्याच्या गादीखाली मे महिन्यात कान उकडून निघतात, आणि मुंबई-कोकणच्या दमटपणात दोन-तीन पावसाळ्यांत तिचे काळे पापुद्रे सुटून गालाला चिकटतात. मखमली गादी गार राहते, पण बाहेरचा आवाज थोडा जास्त आत सोडते. ओहमपेक्षा हा प्रश्न मोठा, पण त्यावर कुणी रात्री जागवत नाही.

डॅकचं म्हणाल तर माउस हलवल्यावर कानात चिरचिर ऐकू येत असेल तरच बाहेरचा घ्या. तेव्हासुद्धा अॅपलची ती नखाएवढी यूएसबी-सी डोंगल मोजमापात कितीतरी महागड्या डॅकच्या मांडीला मांडी लावून बसते.

दुकानात जाल तर चष्मा लावून जा आणि पाठ असलेलं गाणं सोबत न्या. दोन हेडफोन ताडून बघताना आवाजाची पातळी सारखी ठेवा, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, त्याहून जास्त नको. शेवटी सुट्या गाद्या मिळतात का ते विचारा. नसतील मिळत, तर तो हेडफोन कितीही ओहमचा असो, घेऊ नका.