कान आणि पान

पिट्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया

तीर्थरूप अण्णांच्या सेवेशी,

बालकाचे शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

दर रविवारी फोनवर आपले मुखदर्शन घडत असताना, ज्या नाशिकरोडात देशाची टपाल तिकिटे छापली जातात त्या गावी परदेशी तिकीट लावून हा कागद रवाना करण्याचे प्रयोजन काय, असा सवाल आपण चष्मा कपाळावर चढवून आईस कराल, हे मी जाणून आहे. प्रयोजन एवढेच की, जे सांगावयाचे ते फोनवर सांगून झाले आहे. गेल्या महिन्यात आपल्या सूनबाईने अत्यंत आदराने विनविले, "अण्णा, कानाचं तेवढं मनावर घ्या ना." त्यावर आपण तितक्याच प्रसन्नतेने उत्तरलात, "पानाचं केव्हाच घेतलं! दाताच्या डॉक्टरांनी सांगितल्यापासून दोन वर्षं शिवलोसुद्धा नाही."

मी हसलो, सौ. हसली नाही. तिने जवळच्या वहीत काहीतरी टिपून घेतले. आणि ती काय टिपते हे उमगण्यासाठी तिच्या विद्येची कैफियत आपणांपुढे मांडणे प्राप्त आहे.

सून अमेरिकेत डॉक्टर होत असल्याची वार्ता आईच्या कृपेने मुक्तिधामापासून बिटको चौकापर्यंत कर्णोपकर्णी गेली असल्याचे समजते; तीत तपशिलाची थोडी दुरुस्ती व्हावी. ती औषध लिहून देणार नाही, शस्त्रास हात लावणार नाही. माणसास किती व काय ऐकू येते हे मोजणे, आणि जे कमी पडेल ते यंत्राने वा सरावाने भरून काढण्याची तजवीज करणे, हा तिचा अधिकार. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतून ती पदवी घेऊन बाहेर पडली तेव्हा आपण समजलो होतो की शिक्षण संपले. परंतु या देशात श्रवणतज्ज्ञाच्या धंद्यात नव्याने पाऊल टाकणारास आता डॉक्टरेटवाचून गत्यंतर नाही. या डॉक्टरेटचा पहिला वर्ग ह्यूस्टनच्या बेलर वैद्यक महाविद्यालयात १९९४ साली भरला. पदवीनंतर बहुधा चार वर्षे, त्यांतले शेवटचे संपूर्ण वर्ष उमेदवारीचे, पीएच.डी.सारख्या जाडजूड प्रबंधापेक्षा रुग्णाच्या कानाशी बसून घालविलेल्या तासांचा हिशेब येथे मोलाचा. म्हणून "सुनेने विषय कोणता घेतला?" असे कोणी विचारल्यास "कान" एवढेच सांगावे.

शास्त्र स्वतः आपल्याहून दोन-चार वर्षांनीच वडील असेल. दुसऱ्या महायुद्धात तोफांच्या गडगडाटाने श्रवण गमावून परतलेल्या सैनिकांसाठी अमेरिकन लष्कराने जी केंद्रे उघडली, त्यांपैकी एक आमच्या बिऱ्हाडापासून तासाभराच्या वाटेवर बटलर या गावी होते. तेथे काम केलेले रेमंड कारहार्ट पुढे या शास्त्राचे जनक गणले गेले. देवळालीचा तोफखाना शेजारी असताना आपल्याकडे हे शास्त्र का जन्मले नाही, याचा विचार मी अधूनमधून करतो.

विद्या म्हटली की सराव आला, आणि सरावाचे पहिले सावज घरातलेच असावयाचे. कानात दिवा धरून पाहण्यापूर्वी रुग्णाचा कान वर व मागे ओढावा लागतो. शाळेत गुरुजी हेच करीत, परंतु ते त्यास तपासणी म्हणत नसत. नंतर मला एका निःशब्द खोलीत कोंडून, कानांवर टोपणे चढवून, २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतच्या क्षीण शिट्या ऐकविण्यात आल्या व प्रत्येक शिटीस बटण दाबण्याचा हुकूम झाला. उजव्या कानाची लाल वर्तुळे आणि डाव्या कानाच्या निळ्या फुल्या अशा दोन्ही ओळी आलेखाच्या माथ्याशी, सरळ रांगेत, आदर्श विद्यार्थ्यांसारख्या उभ्या राहिल्या. त्या क्षणी मला जो हर्ष झाला तो घरी पोहोचेपर्यंतच टिकला, कारण सौ.ने तो कागद फ्रिजच्या दारावर डकविला असून, भांडी घासण्याविषयी वा कचरा बाहेर नेण्याविषयी "ऐकू आलं नाही" अशी सबब मी पुढे करताच ती केवळ त्या कागदाकडे बोट दाखविते. माझा श्रवणदोष नामंजूर झाला आहे. उरला तो वृत्तिदोष.

आपल्या नातवाची कथा याहून निराळी. लहान मुलांस बटण कळत नाही, म्हणून आवाज ऐकू येताच लाकडी ठोकळा बादलीत टाकण्याचा खेळ त्यांस शिकवितात. चिरंजीवांनी हा खेळ असा आत्मसात केला की आता आईने "जेवायला ये" अशी हाक मारताच ते आतल्या खोलीतून ठोकळा बादलीत टाकतात आणि जागचे हलत नाहीत. हाक मिळाल्याची पोच तत्काळ, अंमलबजावणी शून्य. सरकारी दप्तरात जन्म घालविलेल्या आपणांस या कार्यपद्धतीचे कौतुक वाटेल.

सौ.चीही फजिती होते. रुग्णास एकेक शब्द ऐकवून तो परत म्हणावयास लावण्याची एक परीक्षा असते. इंग्रजीतले दोन निरनिराळे 'व' आपण मराठी माणसे एकाच 'व'त उरकतो. तेव्हा घरच्या सरावात तिने उच्चारलेला 'पश्चिम' या अर्थाचा 'वेस्ट' शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी 'बंडी' म्हणून परत केला, आणि हा गुण ऐकणाराचा कापावा की बोलणारीचा, असा पेच पडला. दवाखान्यात ध्वनिमुद्रित आवाज वापरण्याची शिफारस का असते, हे तेव्हा मला कळले.

आता मुख्य मुद्दा. 'कान' आणि 'पान' यांत फरक तो केवळ पहिल्या व्यंजनाचा. स्वर हे खालच्या पट्टीतले, अंगाने धिप्पाड. क, प, त, स, श ही व्यंजने मात्र वरच्या पट्टीतली आणि नाजूक. वार्धक्य श्रवणाची वसुली वरच्या पट्टीपासून सुरू करते. त्यामुळे आवाज पोहोचतो, शब्द पोहोचत नाही. "हल्ली सगळे पुटपुटतात" ही आपली तक्रार खोटी नाही; फक्त आरोपी चुकला आहे. दूरदर्शनचा आवाज वाढविल्याने धिप्पाड तेवढे अधिक धिप्पाड होतात. पुरुषांचे भरदार बोलणे अशा कानांस बरेचसे निभते, बायकामुलांचे बारीक आवाज आधी निसटतात. यावरून आई गेली चाळीस वर्षे चालवीत असलेल्या "यांना माझं ऐकूच येत नाही" या दाव्यात आपली गेल्या आठ-दहा वर्षांपुरती निर्दोष सुटका संभवते. त्यामागील तीस वर्षांचे आपले आपण निस्तरावे. तो वृत्तिदोष असून तो मजकडे वारसाहक्काने आला आहे.

तरी नाशिकला जाऊन रीतसर तपासणी करून घ्यावी. तासाभराचे काम, सुई नाही, दुखणे नाही. तोवर स्कूटरच्या किल्लीने कान कोरणे बंद व्हावे, आणि आईस सांगावे की कोमट तेल डोक्यास उत्तम, कानात नको. यंत्र घेण्याची वेळ आलीच तर पहिले काही आठवडे स्वतःचे चावणेसुद्धा ऐकू येऊन जीव कावेल. मेंदूस सवय लागेपर्यंत धीर धरावा. डिसेंबरात आम्ही येतो आहोत. फोनवरच्या "हो, हो"ने या वेळी भागणार नाही. तपासणीचा कागद हीच पोच समजण्यात येईल.

एक राहिले. जेलरोडला इमारती उठल्यापासून रातकिडे पार नाहीसे झाले, अशी खंत आपण दिवाळीत बोलून दाखविली होती. आपल्यामागे उभी असलेली आई तेव्हाच म्हणाली होती, "मेले रात्रभर झोपू देत नाहीत." ते आपणांस ऐकू गेले नाही. रातकिड्यांची किरकिर चार हजार हर्ट्झच्या आसपास व त्याहून वर चालते. सौ.ची वही उघडली ती वस्तुतः त्या दिवशी. पान नंतर आले.

रातकिडे आहेत, अण्णा. ओट्यापाशीच आहेत.

कळावे, कृपालोभ असावा.

आपला आज्ञाधारक,
(कान शाबूत असलेला) मुलगा