झाकलं कोंबडं

"यंदा दिवाळीची शुभेच्छापत्रं मी स्वतः छापणार," असं मी जाहीर केलं, तेव्हा बायकोने दिवाणावरची पांढरी चादर उचलून कपाटात ठेवली. बावीस वर्षांचा संसार झाला की बोलायची गरज उरत नाही.

मूळ दोष दोन दिवसांच्या लिनोकट शिबिराचा, म्हणजे लिनोलियमवर चित्र कोरून छापायच्या शिबिराचा. लिनोलियम ही खरं तर जमिनीवर अंथरायची वस्तू. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजाने १८६०च्या दशकात तिचं पेटंट घेतलं. त्यात अळशीचं घट्ट केलेलं तेल आणि बुचाचा भुसा असतो, खाली तागाचं कापड. अळशीची वस्तू आळशी माणसाला नक्की जमणार, एवढाच बोध मी घेतला. नंदलाल बोस यांनी १९३०मध्ये दांडीयात्रेतले गांधीजी लिनोवरच कोरले, तेही फक्त काळ्या रंगात. मी दोन रंग ठरवले. उगाच कमीपणा कशाला?

निळं आकाश, पिवळा आकाशकंदील. शहाणा माणूस यासाठी दोन ठोकळे कोरतो. जपानी काष्ठठशांचे कारागीर प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा करत आणि कागद दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून त्यावर 'केंतो' नावाच्या खुणा कोरत. १७६५च्या सुमारास सुझुकी हारुनोबूची बहुरंगी चित्रं आली, ती या शिस्तीच्या जोरावर. शिस्तीचं नाव निघताच मी मास्ककडे वळलो.

मास्कची युक्ती सोपी. ठोकळा एकच. त्यावर निळी शाई फिरवायची, कंदिलावर कंदिलाच्याच आकाराचा कागद ठेवायचा, वर कार्ड ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचं. कागदाखालची शाई कार्डापर्यंत पोचत नाही. मग ठोकळा पुसून कंदिलाला पिवळी शाई लावायची आणि कार्ड पुन्हा छापायचं. जुन्या हातछापखान्यात फ्रिस्केट नावाची चौकट असे. तिच्यावरच्या कागदाला खिडक्या कापलेल्या असत आणि नको तिथली शाई ती अडवत असे. थोडक्यात, झाकली मूठ सव्वा लाखाची.

पहिला मास्क मी लग्नपत्रिकेतून कापला. भारी, जाड कागद. पण जाड मास्कच्या कडेला पायरी तयार होते आणि तिथे कार्ड ठोकळ्याला टेकतच नाही. कंदिलाभोवती पांढरी कड सुटली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "प्रकाशाचं वलय काय सुरेख साधलंय!"

"फार अवघड असतं ते," मी म्हणालो.

तसाच थांबलो असतो. पण आरशात बघून तीन रात्री उलटी कोरलेली 'शुभ दीपावली' कंदिलाला खेटून होती. तिच्यातला 'शु' वलयाने गिळला. 'भ दीपावली' कुणाला पाठवणार?

दुसरा मास्क वर्तमानपत्राचा. पातळ कागद आपण होऊन ठोकळ्याला चिकटून बसतो आणि कड चाकूने कापल्यासारखी येते. आधी मास्क ठेवून वरून रोलर फिरवला, तर तो रोलरला चिकटून गरगर फिरतो, हेही मी स्वखर्चाने शिकलो. शाई आधी, मास्क नंतर. दर छापानंतर तो उचलायचा, फक्त आकाशाला पुन्हा शाई लावायची, पुन्हा ठेवायचा. त्याची एक बाजू शाईने बरबटलेली, दुसरी कोरडी. बरबटलेली खालीच राहिली पाहिजे, यातच सगळी विद्या आली.

रात्री साडेबारापर्यंत ती राहिली. मग घसरणारा चष्मा मी शाईच्या बोटाने वर सारला. काच निळी झाली. चष्मा काढून ठेवला आणि पुढच्या कार्डाला मास्क उलटा बसला. कंदील डावीउजवीकडून सारखाच, त्यामुळे उलटा असूनही चपखल. कार्ड उचलून ठेवलं, तर ठोकळ्यावर मास्क गायब! टेबलाखाली बघितलं, रोलरवर बघितलं, स्वतःच्या कोपरावर बघितलं. शेवटी दुसरा कापला. चाळीस कार्डं निळी झाली, मग पहाटेपर्यंत पिवळी झाली.

"अहो, आता दोरीवर कपडे कुठे वाळत घालू?" बायकोने विचारलं. तेलाची शाई, चार दिवस वाळत होती.

पाकिटं भरायला मुलगी बसली. "बाबा, हे एक कार्ड वेगळंच दिसतंय."

"मुद्राचित्राचा प्रत्येक छाप वेगळा असतो," मी मान वर न करता म्हणालो. "त्यालाच कला म्हणतात."

आठवड्याने नाशिकहून आप्पाकाकांचा फोन आला. "कार्ड पोचलं रे. कंदील झकास!"

"आवडला ना?"

"आवडला की. पण गेलं कोण?"

माझ्या डोक्यात हळूहळू उजाडायला लागलं. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही. शाईची बाजू वर आलेला मास्क कार्डालाच चिकटून गेला होता, आणि त्याची कोरडी बाजू आता दर्शनी झाली होती. मी तो वर्तमानपत्राच्या कुठल्या पानातून कापला, ते बघितलं नव्हतं. वरून फिरलेल्या पातळ पिवळ्या शाईत 'दुःखद निधन' छान उजळलं असणार.

"काका, ती छपाईतली चूक आहे," मी म्हणालो.

"असू दे, असू दे. नाव अगदी स्पष्ट आलंय. दशक्रिया कुठे ठेवलीय, तेवढं मात्र तुझ्या झिरमिळ्यांत कापलं गेलंय. मला यायला हवं का रे?"